नोकरी सांभाळून पदवी : सायबर सुरक्षेतील शिकाऊ उमेदवारीचा अभ्यास

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाने आता कमवावे की शिकावे? निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील बहुधा शेतमजूर असतात, ऊसतोडीला जाणारे असतात किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणारे असतात. शाळेची वर्षे चालू असेपर्यंत निवासाची आणि दोन वेळच्या जेवणाची काळजी संस्था वाहते. शाळा संपते त्या दिवशी ती काळजी पुन्हा घराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. मग कोणी वाळूज किंवा चाकणच्या कारखान्यात लागतो आणि त्याची पदवी कायमची राहून जाते. कोणी पोटाला चिमटा घेऊन पदवी पूर्ण करतो आणि कामाचा अनुभव नाही म्हणून दारोदार फिरतो.

या दोन वाटांच्या मधून जाणारी तिसरी वाट अलीकडे आपल्या देशातही मोकळी होत आहे. पूर्ण वेळ काम करायचे, त्या कामाचे वेतन वा विद्यावेतन घ्यायचे आणि त्याच कामाच्या आधारे विद्यापीठाची पदवी मिळवायची, असे तिचे स्वरूप आहे. संगणकीय व्यवहारांच्या रक्षणाचे, म्हणजे सायबर सुरक्षेचे क्षेत्र या वाटेला विशेष अनुकूल आहे. या लेखात त्या वाटेचा अभ्यास मांडला आहे. त्याचे सार आरंभीच सांगतो. या वाटेवरचा तरुण एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि कामगारही असतो. दोन्ही नात्यांतील हक्क व कर्तव्ये लेखी ठरलेली असतील तर ही वाट शिक्षणाची ठरते. ती ठरलेली नसतील तर ती स्वस्त मजुरीची ठरते.

विचाराची बैठक

अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्तात कोलिय कुळातील दीघजाणु नावाचा एक गृहस्थ भगवान बुद्धांना विचारतो की, आमच्यासारख्या संसारी माणसांच्या इहलोकीच्या हितासाठी कोणता धम्म सांगाल? भगवंतांनी त्याला चार संपदा सांगितल्या. आपल्या कामात दक्ष व कुशल असणे ही उट्ठानसंपदा. कष्टाने मिळवलेले राखणे ही आरक्खसंपदा. चांगल्यांची संगत ही कल्याणमित्तता. आणि मिळकत व खर्च यांचा तोल राखून जगणे ही समजीविता. शेती, व्यापार, राजसेवा, शिल्प अशा कोणत्याही व्यवसायाला हा उपदेश लागू आहे, असे त्या सुत्तातच म्हटले आहे. काम करीत शिकणाऱ्या आजच्या तरुणालाही तो तंतोतंत लागू पडतो. म्हणून या लेखाची मांडणी त्याच चार संपदांच्या आधाराने केली आहे.

ही वाट आपल्याला नवी नाही

काम आणि उच्च शिक्षण यांची सांगड हा आपल्या चळवळीचा जुना विचार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडनमधील शिक्षण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट राहिले. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवली.

हा अनुभव त्यांनी पुढे संस्थेच्या रूपाने समाजाला दिला. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांनाही पदवी मिळावी हा त्यामागील हेतू होता. १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंद महाविद्यालयाने, मराठवाड्यातील दलित तरुणांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. सातारच्या भूमीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाराष्ट्रभर रुजवले.

मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. सिद्धार्थ महाविद्यालयाचा विद्यार्थी सकाळी शिकत असे आणि दिवसा एखाद्या कचेरीत काम करीत असे. त्या कामाचा त्याच्या पदवीशी संबंध नव्हता. आजच्या शिकाऊ उमेदवारीत कामालाच अभ्यासक्रमाचा भाग मानले जाते. आपल्याच जिल्ह्यात, जालन्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या मराठवाडा केंद्रात, उद्योगातील प्रशिक्षणाची जोड असलेला पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम चालतो. कारखान्यात घालवलेला काळ हा शिक्षणातला खंड नसून शिक्षणच आहे, हा विचार आपल्या दाराशी आलेला आहे.

तीन प्रकार आणि त्यांतील भेद

नोकरी सांभाळून पदवी या एकाच नावाखाली आज तीन वेगळे प्रकार चालतात. पालकांची गफलत होते ती येथेच.

पहिला प्रकार पदवीत समाविष्ट केलेल्या शिकाऊ उमेदवारीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये व नंतर सुधारित स्वरूपात २०२५ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे विद्यार्थी एखाद्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवार म्हणून काढतो. त्या कामाला पदवीचे श्रेयांक मिळतात. त्याला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा आधार असतो. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवी स्तरावरील उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरवले होते. करार करताना चालू दर पाहून घ्यावा. शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते.

दुसरा प्रकार कंपनीने पुरस्कृत केलेल्या पदवीचा. विप्रो कंपनी १९९५ पासून बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्या तरुणांना नोकरीत घेऊन एम.टेक.पर्यंत शिकवण्याचा उपक्रम चालवीत आली आहे. पिलानीच्या बिट्स संस्थेने नोकरदारांसाठी कार्य-संलग्न पदव्यांचा उपक्रम १९७९ मध्येच सुरू केला. बारावीनंतर थेट नोकरीत घेऊन पदवीची सोय करणारे एचसीएलच्या टेकबीसारखे उपक्रमही आहेत. अशा ठिकाणी पूर्ण पगाराची नोकरी मिळते, पण बहुधा ठरावीक वर्षांच्या सेवाकराराचे बंधन असते.

तिसरा प्रकार सर्वांत जुना. नोकरी एकीकडे आणि मुक्त विद्यापीठाची पदवी दुसरीकडे. १९८५ चे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी असंख्य कष्टकऱ्यांना पदवीधर केले. येथे मालकाची परवानगी लागत नाही, बंधनही नसते. मात्र कामाचे श्रेयांक मिळत नाहीत. अभ्यासाचा सर्व भार उरलेल्या वेळेवर पडतो.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांसाठीही एक माहिती येथे नोंदवतो. ब्रिटनमध्ये २०१५ पासून पदवी शिकाऊ उमेदवारीची स्वतंत्र पद्धत आहे आणि तीत सायबर सुरक्षेची पदवीही आहे. उमेदवार कंपनीचा पगारी कर्मचारी असतो. विद्यापीठाचे शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. कामाच्या तासांतूनच ठरावीक वेळ अभ्यासासाठी सोडणे मालकावर बंधनकारक असते. आपल्याकडच्या कोणत्याही कराराची पारख करताना हा शेवटचा नियम मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो.

आरक्खसंपदा : हे काम आहे तरी काय

दीघजाणु सुत्तात कष्टाचे धन राखताना राजा, चोर, अग्नी, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून जपावे असे सांगितले आहे. आज आपले धन, शेताचा सातबारा, दवाखान्यातील नोंदी, मुलांची शिष्यवृत्ती हे सारे संगणकात गेले आहे. त्याचे चोरही तेथेच गेले आहेत.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता. बँक बंद होती. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोरांनी घातक प्रणाली घुसवली. खात्यात पैसे आहेत की नाही हा प्रश्न बँकेच्या खऱ्या संगणकापर्यंत पोहोचलाच नाही, खोटी यंत्रणाच परस्पर होकार देत राहिली. बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गाने आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण नुकसान ९४.४२ कोटींचे होते. एवढी मोठी चोरी झाली, पण एकही तिजोरी फुटली नाही आणि एकाही पहारेकऱ्याला कसली चाहूल लागली नाही.

असा पहारा करणारे ठिकाण म्हणजे सुरक्षा देखरेख केंद्र. बँका, रुग्णालये, वीज कंपन्या, कारखाने यांच्या संगणकांतून निघणाऱ्या नोंदी तेथे अखंड तपासल्या जातात. जालन्यातील पोलादाच्या भट्ट्यांप्रमाणे हे काम रात्रंदिवस, तीन पाळ्यांत चालते. नवा उमेदवार येथे पहिल्या फळीत बसतो. पडद्यावर इशारे येत राहतात. एखाद्या कर्मचाऱ्याने जालन्यातून प्रवेश केला आणि दहा मिनिटांनी त्याच्याच नावाने परदेशातून प्रवेश झाला, तर ती खरी चोरी आहे की तांत्रिक घोळ, हे त्याने पडताळायचे असते. खोटे इशारे कारणासह बंद करायचे, खरे वाटतील ते पुराव्यासह वरिष्ठांकडे पाठवायचे आणि प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवायची. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत देशाच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाला कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. म्हणून या नोंदींना मोठे मोल आहे.

हे काम शिकाऊ उमेदवारीला अनुकूल का, याचे उत्तर येथेच आहे. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, लिनक्स प्रणाली कशी चालते, फसव्या ईमेलची पारख कशी करावी, हे वर्गात शिकवता येते. परंतु हजार नोंदींतून एक संशयास्पद नोंद वेचण्याची नजर प्रत्यक्ष पाळीतच येते. उलट, केवळ पाळी करणारा माणूस इशारे बंद करण्यात तरबेज होतो, पण इशारा का आला हे त्याला उमगत नाही. तो वर्षानुवर्षे पहिल्याच फळीत राहतो. पदवीचा अभ्यास त्याला वरच्या फळीत नेतो. उट्ठानसंपदेतील दक्षता कामातून येते आणि कौशल्यामागची समज अभ्यासातून येते.

समजीविता : तासांचा ताळेबंद

समजीवितेचा उपदेश पैशांना लागू आहे, तसाच वेळेलाही आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाच्या शिक्षणाला १,२०० तास धरतात आणि त्यांचे ४० श्रेयांक होतात. म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तासांचा अभ्यास. नोकरी आठ तासांची व आठवड्याचे सहा दिवस धरली तर तिचे ४८ तास होतात. काम आणि पदवी वेगवेगळी असतील तर बेरीज ७१ तासांवर जाते. रोजच्या जाण्यायेण्याचे दोन तास धरून १२ आणि सात तासांच्या झोपेचे ४९ मिळवले की १३२ तास होतात. आठवड्याच्या १६८ तासांतून उरले ३६, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच. त्यांतच स्वयंपाक, कपडे, आजारपण, घरचे लग्नकार्य आणि विसावा बसवावा लागतो.

हा हिशेब अशक्य नाही, पण तीन-चार वर्षे सतत पेलणे अवघड आहे. रात्रपाळी आली की तो पहिल्यांदा झोपेतून वजा होतो. याउलट कामालाच श्रेयांक मिळत असतील तर त्या २३ तासांचा मोठा भाग ४८ तासांतच भागतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन प्रस्तावांत फरक असतो तो हा. म्हणून मुलाचा पगार विचारण्याआधी पालकांनी त्याचे तास विचारावेत. आणि पदवी पूर्ण होईपर्यंत घरी पाठवायच्या पैशांची अपेक्षा आवरती ठेवावी. विद्यावेतनातून शहरातील खोलीभाडे व खानावळ वजा जाता फारसे उरत नाही.

करार : गुरू आणि मालक एकच असताना

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात सहा दिशांचे वंदन म्हणजे सहा नात्यांचे पालन, असा अर्थ भगवंतांनी सांगितला. दक्षिण दिशा आचार्यांची. त्यांनी शिष्याला नीट शिकवावे, विद्या हातची राखू नये. खालची दिशा सेवक-कामगारांची. मालकाने त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. शिकाऊ उमेदवारीत या दोन दिशा एकत्र येतात, कारण शिकवणारा आणि राबवून घेणारा एकच असतो. त्याने दुसरे नाते पाळून पहिले टाकले तर शिष्याचा नुसता नोकर होतो. गावगाड्यात आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या कामे केली. त्या कौशल्याला ना प्रमाणपत्र होते, ना ते सोडून दुसरे निवडण्याचा अधिकार. नव्या रूपात तेच पुन्हा घडू नये, यासाठी सही करण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. शिकवणार कोण? मार्गदर्शकाचे नाव आणि कोणत्या महिन्यात कोणते काम शिकवले जाईल याचा आराखडा मागावा.

२. पदवी कोण देणार? विद्यापीठ आयोगमान्य आहे का, कामाचे किती श्रेयांक मिळणार आणि कराराची नोंदणी शासकीय पोर्टलवर झाली आहे का, हे स्वतः पाहावे. नोंदणीसाठी किंवा जागेसाठी उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

३. अभ्यासासाठी आठवड्याला किती तास मोकळे आणि परीक्षेसाठी किती रजा?

४. शुल्क कोण भरणार? सेवाकरार किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल?

५. पाळ्या कशा लागणार? रात्रपाळीला, विशेषतः मुलींसाठी, वाहनाची सोय आहे का?

कायद्याच्या काही बाबीही ठाऊक असाव्यात. उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. तरी प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. भरतीचे धोरण आस्थापनेने स्वतः ठरवायचे असते, ते आधीच विचारून घ्यावे. निर्दिष्ट व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद अधिनियमाच्या कलम ३-अ मध्ये आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. विद्यावेतन सुरू झाल्यावर चालू शिष्यवृत्तीवर काय परिणाम होतो, हे समाजकल्याण कार्यालयातून आधी लेखी विचारून घ्यावे.

सम्यक आजीव

कुलूप राखण्याची विद्या ही कुलूप उघडण्याचीही विद्या असते. एखाद्या प्रणालीतील दोष शोधण्याचे काम मालकाच्या लेखी परवानगीने केले तर ती सेवा आहे. परवानगीवाचून केले तर तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गंमत म्हणून मित्राच्या खात्यात शिरणाऱ्या मुलाची सारी कारकीर्द अशी संपू शकते. न दिलेले घेऊ नये, हे शील आपली मुले लहानपणापासून रोज म्हणतात. या व्यवसायात ते शील हीच पहिली पात्रता आहे. शिकाऊ उमेदवाराच्या हाती परक्यांचे पैसे आणि परक्यांची गुपिते असतात. ती पाहूनही न पाहिल्यासारखे राहणे हा त्याचा रोजचा अभ्यास आहे.

कल्याणमित्र

चौथी संपदा व्यक्तीपेक्षा समाजाच्या हाती अधिक आहे. शहरातील सुशिक्षित घरातील मुलाला असा अभ्यासक्रम आहे, असा करार असतो, अमुक कलमाला नकार द्यावा, हे जेवताना घरातच कळते. आपल्या मुलाला ते कोणी सांगत नाही. ही उणीव माजी विद्यार्थी भरून काढू शकतात. जे माहिती तंत्रज्ञानात, बँकेत, पोलीस दलात किंवा अध्यापनात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन दहावी-बारावीच्या मुलांना या वाटांची माहिती द्यावी. एखाद्याचा करार वाचून द्यावा. पुणे-मुंबईत पहिले दोन महिने खोली मिळवून द्यावी. नेमके याच दोन महिन्यांत, पहिले विद्यावेतन हाती येण्यापूर्वी, मुले हताश होऊन परत येतात. शाळेच्या संगणक कक्षात सुटीच्या दिवशी लिनक्स आणि संगणक-जाळ्याचे प्राथमिक वर्ग घेणेही शक्य आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत, जुने संगणकही पुरतात.

शेवटी एक गोष्ट पालकांना. ज्या मुलाला नोकरी लागली त्याचे शिक्षण संपले असे मानू नका. जो शिकतो आहे तो कमवत नाही असेही मानू नका. तो रात्रपाळीहून सकाळी परतेल तेव्हा त्याला चार तास निवांत झोपू द्या आणि दुपारी त्याच्या वहीपुस्तकांसाठी घरातला एक कोपरा मोकळा ठेवा. सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरवण्यामागे नोकरदार तरुणाच्या वेळेची हीच कदर होती. ती आज आपल्या घरातून व्हायला हवी.